चार टाक्यांची पंगत

कोडोली,
९ सप्टेंबर १९८३

चि. नंदिनीस,

कोडोलीहून तुझ्या चिमणाबाई आज्जीचा आशीर्वाद. अक्षर देखणं दिसेल, कारण ते माझं नव्हे. आपल्या पुढच्या खोलीत नव्या भाडेकरू आल्या आहेत, पद्मजाबाई, इथल्या शाळेत शिकवतात. मी बोलते, त्या लिहितात. मजकूर मात्र माझाच आहे, तेव्हा सांभाळून वाच.

तुझं पत्र त्यांनी मला दोनदा वाचून दाखवलं. पहिल्यांदा मला वाटलं, बाईंनी चष्मा शाळेत विसरला असणार. माझी नात कोल्हापुरात राहून एम.एस्सी. झाली, मलकापूरजवळच्या मत्स्यबीज केंद्रात साहेबीण म्हणून लागली, असं मी गावभर सांगून बसलेली. आणि पत्रात काय, तर तू माशांच्या पिल्लांना जेवायला घालतेस! दुसऱ्यांदा वाचलं तरी तेच निघालं.

तुझा बाप ऐकत होता. म्हणाला, "एवढं शिकून मासंच राखायचं व्हतं व्हय?" मी म्हटलं, "तू न शिकता म्हशी राखतोयस, ती शिकून मासं राखती. राखणं आपल्या घरातच हाय, आण्णा." मग त्याला धार काढायची आठवण झाली.

तुझा तो मागूर मला नवा नाही. वारणेच्या गाळात पोरं हात घालतात आणि काटा टोचला की बोंबलत येतात. तोंडाला मिशा, अंगाला खवलं नाहीत, पाण्याबाहेर काढला तरी तोंड चालूच. आपल्या भावकीत असे तिघं आहेत. पण तू म्हणतेस की त्याच्या पिल्लांचं सुकट बंद करून त्यांना पेंड खायला घालणार. का गं? वाघाला कडबा घातल्यातली गत ही. पेंड म्हशीची. आणि त्यात सोयाबीनची पूड घालणार असशील तर ती कच्ची घालू नकोस. हुलगा आपण म्हशीला शिजवूनच घालतो. सोयाबीनही कडधान्यच असणार की.

मी बघायला येते. आण्णा म्हणतो, एसटीत दमशील. मी दमत नाही, एसटी दमते.

तुझी आज्जी

*

मलकापूर,
१८ सप्टेंबर १९८३

ती. आज्जीस,

नंदिनीचा नमस्कार. पद्मजाबाईंनाही, कारण हे आधी त्याच वाचणार.

मी साहेबीण नाही, संशोधन सहायक आहे. पण आता गावभर दुरुस्ती करत फिरू नकोस, राहू दे. साहेब कारखानीस आहेत, नृसिंह कारखानीस. माणूस कमी बोलणारा.

तू "का गं" विचारलंस, त्याचं उत्तर. सुकट रत्नागिरीकडून घाट चढून येतं. समुद्रातली बारकी मासळी वाळवायची, कुटायची आणि इथल्या पिल्लांना घालायची. पावसाळ्यात, नेमकी पिल्लं असतात तेव्हाच, ते मिळत नाही. मिळालं तर त्यात निम्मी वाळू, नाहीतर बुरशी. उद्या कोडोलीत कुणी शेततळं काढून मागूर पाळायचं म्हटलं तर त्यानं सुकट आणायचं कुठून? शेंगेची पेंड मात्र गावच्या घाण्यावर मिळते, आणि सोयाबीनची आता बाजारात येऊ लागली आहे. पिल्लाला अंग धरायला प्रथिनं लागतात. ती सुकटात आहेत, तशी पेंडीतही आहेत. पिल्लाच्या पोटाला पेंडीतली चालतात का, हे कुणीतरी मोजून बघायला हवं. ते कुणीतरी म्हणजे सध्या मी.

सोयाबीन मी भाजूनच घेते. कच्च्यात पचन अडवणारं काहीतरी असतं, ते आचेनं मरतं. पुस्तकात याची चार पानं आहेत, तू एका ओळीत सांगितलंस. पण मला आधीपासून ठाऊक होतं, एवढं लिहून ठेवते.

काम असं आहे. सिमेंटच्या चार टाक्या. प्रत्येकीत दोनशे बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, सगळी एकाच वेळची, एकाच वजनाची. पहिल्या आणि दुसऱ्या टाकीला सुकटाच्या पुडीचं खाद्य. तिसऱ्या आणि चौथ्या टाकीला सुकट अजिबात नाही. शेंगेची पेंड, भाजलेलं सोयाबीन आणि भाताचा कोंडा. पंधरा तारखेला सुरुवात झाली. साठ दिवस चालणार, दर आठवड्याला वजन.

पेंडीची पिल्लं सुकटाच्या पिल्लांच्या बरोबरीनं वाढली तर माझा रिपोर्ट पुण्याला जाईल, त्याचं पत्रक छापून तळी असणाऱ्या शेतकऱ्यांना वाटलं जाईल. नाही वाढली तर टाक्या रोहू माशाला आणि मी बीज, म्हणजे विकायची बारीक पिल्लं, मोजायच्या टेबलावर. साहेबांनी मला हा एकच हंगाम दिला आहे. आज्जी, मला झोपेतसुद्धा खाद्याच्या गोळ्या बुडताना दिसतात.

ये. पण बघायलाच ये.

तुझी,
नंदिनी

*

कोडोली,
८ ऑक्टोबर १९८३

चि. नंदिनीस,

घट बसायच्या आधी येऊन गेले ते बरं झालं. आता इथं घरचं उरकता उरकत नाही.

मी दोन दिवस तुझ्या टाक्यांच्या कठड्यावर बसून होते, ते तुला वाटलं पाय दुखतात म्हणून. पाय दुखत नव्हते. मी तुला बघत होते. तू जाळीत पिल्लं घेतेस, ओल्या फडक्यावर ठेवतेस, काट्यावर घालतेस, आणि पाण्यात परत सोडताना हात पाण्याला टेकेपर्यंत खाली नेतेस. वरून टाकत नाहीस. एकाचा काटा तुझ्या बोटात गेला, रक्त आलं. तू बोट तोंडात धरलंस आणि दुसऱ्या हातानं आकडा आधी लिहिलास. हे मी इथं चार घरी सांगितलं. चौघींनीही विचारलं, "मग लग्नाचं काय?" मी म्हटलं, "अगोदर माशांचं वजन होऊ दे."

तुझे साहेब बरे वाटले. तू बोलत असताना तुझं बोलणं संपेपर्यंत थांबतात. असा पुरुष मी ह्या वयात पहिल्यांदा बघितला.

एकच गोष्ट डोळ्यांसमोरून जात नाही. पहिल्या दोन टाक्यांत सुकट पडलं की पाणी उकळल्यासारखं होतं. पुढच्या दोन टाक्यांत तुझी पेंडीची गोळी पडते, पिल्लं येतात, मिशा लावून बघतात, मागं फिरतात, मग नाइलाजानं परत येतात. एका वेळची लेकरं, ओळीनं चार पंगती, आणि वाढणारी तू एकटी. मी तिथं काही बोलले नाही. मी बोलले नाही, ह्याची त्या वहीत नोंद करायला हरकत नाही.

टाक्या झाडणारी तानाबाई भली बाई आहे. माहेर तिचं बिद्रीकडचं. आमचं छान जमलं. तिला कामावर टिकवून ठेवा.

तुझी आज्जी

ता.क. हे पद्मजाबाईंचं, न विचारता. चिमणाबाई मलकापूरहून आल्यापासून जेवता जेवता मधेच हसतात. विचारलं तर म्हणतात, "जेवा की." तिकडं काही घडलं का?

*

मलकापूर,
२८ ऑक्टोबर १९८३

ती. आज्जीस,

आज्जी, वाढतायत!

नीट सांगते. तू आलीस तेव्हा तिसरी आणि चौथी टाकी मागं होती. तुझ्यासमोर मी बोलले नाही, पण बरीच मागं. सुकटाचं पिल्लू सहा ग्रॅम असताना पेंडीचं चार सुद्धा नव्हतं. मी मनातल्या मनात बीज मोजायच्या टेबलावर जाऊन बसले होते. तू गेल्यानंतरच्या पहिल्या वजनाला फरक तेवढाच राहिला. दुसऱ्या वजनाला तो घटला. नुकत्याच झालेल्या तिसऱ्या वजनाला मी काटा दोनदा तपासला, शंभर ग्रॅमचं माप ठेवून. काटा बरोबर होता. सुकटाचं तेरा, पेंडीचं अकराला टेकलंय.

साहेब म्हणतात, पिल्लांच्या पोटाला पेंड अंगवळणी पडायला तीन-चार आठवडे लागत असतील. त्यांनी हे वाक्य स्वतःच्या हातानं लिहिलं. कुणाच्याही कामावर ते स्वतः काही लिहीत नाहीत, असं सगळे म्हणतात.

गोळ्यांवरसुद्धा आता पिल्लं तुटून पडतात. संध्याकाळी तर मी आल्या आल्या कठड्याशी गोळा होतात.

चौदा नोव्हेंबरला शेवटचं वजन, सोळाला रिपोर्ट पुण्याला. साहेबांनी पत्रकाचा मथळासुद्धा करून ठेवलाय, "सुकटाशिवाय मागूर". पुढच्या पावसाळ्यात ते जिल्ह्यातल्या प्रत्येक तळ्यावर जाईल. दिवाळीला येत नाही. तिसऱ्या टाकीला सोडून फराळ गोड लागणार नाही. चकल्या तानाबाईच्या वाटणीच्यासुद्धा पाठव.

आज्जी, तू एक शब्द न बोलता दोन दिवस बसलीस. मला वाटतं, ते पायगुणाचं झालं.

तुझी,
नंदिनी

*

कोडोली,
१२ नोव्हेंबर १९८३

नंदिनी,

आधी एवढं वाच, आशीर्वाद मागाहून. साहेबांचा कागद पुण्याला जाऊ देऊ नकोस.

तुझं पत्र दिवाळीच्या आधीच आलं होतं. पद्मजाबाई सुट्टीला माहेरी गेलेल्या. आण्णाला वाचायला दिलं असतं, पण तुझं पत्र आहे, त्यात माझ्याबद्दल काय असेल सांगता येत नाही, म्हणून उशाला ठेवलं. आज बाई आल्या, पिशवी खाली ठेवायच्या आत त्यांना वाचायला लावलं. त्या हसत हसत वाचत होत्या. मी त्यांना मधेच थांबवलं आणि कोरा कागद घ्यायला लावला.

तो पायगुण नव्हे गं. ते सुकट आहे.

तू मला ओळखतेस. गावातल्या कुठल्याही कार्याला वाढपावर लक्ष ठेवायला मला बोलावतात, कारण पहिल्या पानावर जे पडलं ते शेवटच्या पानावर पडल्याशिवाय मी पंगत उठू देत नाही. सरपंचाच्या पोराच्या लग्नात, पाहुण्यांना घट्ट आणि गाववाल्यांना पातळ वाढणाऱ्या माणसाच्या हातातली पळी मी काढून घेतली होती. तुझ्या टाक्यांवर बसले आणि मला तेच दिसलं. शेजारच्या पानावर सुकट पडतंय आणि ह्यांना वास येतोय. दुसऱ्या दिवशी तू काट्यापाशी असताना मी तानाबाईला घेऊन मलकापूरच्या बाजारात गेले, पिशवीभर सुकट घेतलं, तिच्या झाडूच्या खोलीत ठेवलं. तिला सांगितलं, "रोज दिवेलागणीला तिसऱ्या-चौथ्या टाकीत एक एक मूठ टाक. बाईला सांगू नगं." ती नको म्हणत होती. मी तिला माझ्या गळ्याची आण घातली. तिच्यावर रागावू नकोस, हे सगळं माझं.

मला वाटलं, दोन घास जास्त गेले तर तुझ्या वहीचं काय बिघडतंय. तू काय मोजतेस तेच मला कळलं नव्हतं. मी दोन दिवस तुझ्याकडं बघितलं आणि वहीकडं बघितलं नाही.

बाई लिहिता लिहिता थांबल्यात. म्हणतात, "चिमणाबाई, हे कळवलं नाही तर कळणार कुणाला? पोरीचं नाव होईल." मी म्हटलं, लिहा. तू लिहिलंयस की पत्रक तळ्यातळ्यावर जाणार. कुणीतरी तुझ्या शब्दावर निव्वळ पेंड घालील. त्याची पिल्लं वाढणार नाहीत. तो बिचारा म्हणणार, माझंच कुठंतरी चुकलं. त्याच्या तळ्यावर तानाबाई नसणार ना.

पोस्टाचा भरवसा नाही. उद्याच्या मलकापूर गाडीच्या कंडक्टरच्या हातात देते. तोही आपल्या गावचाच, गुंडू. न पोचवून जातो कुठं.

आशीर्वाद आहेच. तुला तो आता नको असला तरी आहे.

आज्जी

*

मलकापूर,
१० डिसेंबर १९८३

आज्जी,

महिना झाला. मुद्दाम लिहिलं नाही. राग आला होता, अजून आहे. तो नाही असं लिहिलं तर तू वाचताच ओळखशील, म्हणजे ऐकताच.

गुंडूनं पत्र तेराला संध्याकाळी केंद्राच्या फाटकात दिलं. मी ते उभ्यानं वाचलं आणि तशीच झाडूच्या खोलीत गेले. पिशवी होती, तळाला दोन मुठी उरल्या होत्या. तानाबाई म्हणाली, "आज्जीनं आण घातली व्हती, बाई. म्हणल्या, लेकरं उपाशी हायत, तुमच्या बाईचं ध्यान आकड्यात हाय म्हणून तिला दिसंना." मी रडले नाही असं लिहिणार होते. थोडी रडले.

तुझं पत्र मला लपवता आलं असतं. तू बाईंना जे म्हणालीस, ते नसतं तर लपवलंही असतं, असं रात्री वाटलं. सकाळी साहेबांच्या हातात दिलं. त्यांनी ते वाचलं, परत पहिल्यापासून वाचलं. मग टंकून ठेवलेल्या रिपोर्टवर आडवी रेघ मारली. मला वाटलं फाडतील. म्हणाले, "रद्द केलेलं फाडायचं नसतं, ठेवायचं असतं." रोजच्या वहीत मला स्वतः शाईनं लिहायला लावलं. लिहिलं: "टाकी ३ व ४ यांत २ ऑक्टोबरपासून रोज एक मूठ सुकट पडत होते. निष्कर्ष ग्राह्य नाहीत. कारण माझी आजी." शेवटचे तीन शब्द वाचून साहेब खिडकीकडं वळले. हसले की काय ते कळलं नाही.

मूठ बंद केली आणि आणखी वीस दिवस नुसत्या पेंडीवर ठेवलं. दोन्ही टाक्या मंदावल्या. पिल्लं गोळीपाशी यायची, पण खाणं कमी. म्हणजे निव्वळ पेंडीवर मागूर वाढत नाही, निदान माझ्या पेंडीवर तरी नाही. रिपोर्टमध्ये तेच पाठवलं. टाक्या रिकाम्या केल्या, त्या रोहूला जाणार. मी आता बीज मोजते. वाटीत किती, पिशवीत किती. डोळे दुखतात.

एक गोष्ट मात्र मनातून जात नाही. त्या एका मुठीनं एवढा फरक कसा पडला? तानाबाईला मी काट्यापाशी उभं केलं आणि तीस वेळा मूठ टाकायला लावलं. ती म्हणाली, "आता काय म्हणून?" प्रत्येक मूठ मोजली. सरासरी बारा ग्रॅम. त्या दिवसांत टाकीला रोज साठ-सत्तर ग्रॅम खाद्य जात होतं. म्हणजे पाचवा हिस्सा. एवढंसं सुकट असलं की पिल्लं उरलेली पेंडही खातात, आणि ती त्यांच्या अंगी लागते, असं असेल का? पण ती मूठ वरून जास्तीची होती, कधी मोठी कधी लहान. यावरून काही म्हणता येत नाही. पुन्हा, नीट, मोजूनच करायला हवं.

साहेबांना विचारलं. म्हणाले, आधी आजींचा लेखी जबाब द्या, फाइलला लागेल. तेव्हा तो पाठव. थट्टा न करता.

नंदिनी

*

कोडोली,
१८ डिसेंबर १९८३

मे. कारखानीस साहेब यांस,

मी, चिमणाबाई, राहणार कोडोली, वय कुणी मोजलेलं नाही, लिहून देते की नंदिनीच्या तिसऱ्या आणि चौथ्या टाकीत तानाबाईकडून सुकट मी टाकवलं. नंदिनीला ठाऊक नव्हतं. तानाबाईला ठाऊक होतं, पण माझ्या आणेपुढं तिचं चाललं नाही. दोघींवर ठपका ठेवू नये. सुकट माझं, बुद्धी माझी, चूक माझी.

थट्टा करू नको असं नातीनं कळवलं आहे, म्हणून जबाब इथं संपला. पुढचं सांगणं आहे, ते फाइलला लावा नाहीतर लावू नका.

साहेब, मला लिहिता येत नाही. माझ्याकडून कुणी काही लिहून घेतलं की मला सारखं वाटत राहतं, मी बोलले तेच उतरलं का? पद्मजाबाईंवर माझा विश्वास बसायला चार महिने लागले. हे वाक्यसुद्धा त्यांना लिहावं लागतंय आणि त्या लिहितायत, म्हणून बसला. तुमच्या केंद्रात एक पोरगी आहे, तिनं स्वतःचं फसलेलं स्वतःच्या हातानं वहीत लिहिलं, आणि त्यात आज्जीलाही सोडलं नाही. शेतकऱ्यानं विश्वास ठेवावा असा कागद ह्याच्यापेक्षा वेगळ्या माणसाकडून कसा निघणार?

तिनं तीस वेळा मूठ मोजली. तिचं नुकसान माझ्या मुठीनं केलं, आणि तिनं रागाच्या भरात ती मूठच काट्यावर घातली. मी म्हशी बांधल्या, पोरं वाढवली, सुना नांदवल्या. एवढी मोठी रागाची तऱ्हा मला कधी जमली नाही.

तिला आणखी एक पाऊसकाळ द्या. मी तुमच्या गावाच्या शिवेतसुद्धा येणार नाही.

डाव्या हाताचा अंगठा: चिमणाबाई
लिहून घेणार: पद्मजा, प्राथमिक शिक्षिका

*

मलकापूर,
७ ऑक्टोबर १९८४

ती. आज्जीस,

नमस्कार. परवा शेवटचं वजन झालं.

साहेबांनी तुझा जबाब फाइलला लावला, तुझ्या सांगण्यासकट. जूनमध्ये मला बोलावून म्हणाले, "सहा टाक्या घ्या." का, ते सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

पाच ऑगस्टला सुरू केलं. दोन टाक्या सुकटाच्या. दोन टाक्यांत पाच भागांत एक भाग सुकट, चार भाग पेंड-सोयाबीन-कोंडा, सगळं एकत्र कालवून, गोळी करून. मूठ नाही, काटा. आणि शेवटच्या दोन टाक्या पुन्हा निव्वळ पेंडीच्या. साहेब म्हणाले, "त्यांचं उत्तर गेल्या वर्षी मिळालंय, परत कशाला?" मी म्हटलं, ते उत्तर अर्धं आहे, मधे मूठ पडलेली. त्या दोन टाक्या असल्याशिवाय कुणाला खरं वाटणार नाही, मलाही नाही.

सुकटाचं पिल्लू सरासरी एकवीस ग्रॅम. पाचव्या हिश्श्याचं साडेएकोणीस. निव्वळ पेंडीचं अकरा.

म्हणजे पाच पोत्यांतली चार सुकटाची पोती वाचतात. पाचवं नाही. "सुकटाशिवाय मागूर" हा मथळा साहेबांनी खोडला. नवीन अजून सुचलेला नाही.

साठ दिवस सोपे नव्हते. तू गेल्या वर्षी जे बघितलंस ते यंदा मला दिसायला लागलं, ही तुझी कृपा. पाचव्या टाकीत गोळी टाकली की पिल्लं येतात, मिशा लावतात, मागं फिरतात. चौथ्या टाकीचं खाद्य तिथंच शेजारी घमेल्यात असायचं. तानाबाई दिवेलागणीला मुद्दाम मागच्या बाजूला झाडायला जायची.

तुला तीनदा बोलावलं, आली नाहीस. जबाबात लिहिलेलं एवढं मनावर घ्यायचं नसतं. राग जूनमध्येच गेला.

तुझी,
नंदिनी

*

कोडोली,
२४ मार्च १९८५

चि. नंदिनीस,

आज्जीचा आशीर्वाद. राग जूनमध्ये गेला हे ऑक्टोबरात कळवलंस, म्हणून मीही सवडीनं लिहिते. खरं म्हणजे छापील कागदाची वाट बघत होते.

तो आला. पद्मजाबाईंनी वाचला. मी परत वाचायला लावला. तिसऱ्यांदा म्हटलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मला पाठ झालाय." मग त्यांनी कागद बाजूला ठेवून तोंडपाठ म्हणून दाखवला. पाच भागांत एक भाग सुकट, सोयाबीन भाजून, पेंड चाळून. आणि त्याच्याखाली वेगळी ओळ: निव्वळ पेंडीवर पिल्ले नीट वाढत नाहीत, दोन हंगाम पाहिले. ती ओळ कुणी घालायला लावली, हे विचारत नाही. तुझ्या साहेबांना एवढं बोलायची सवय नाही.

मी आले नाही ते जबाबासाठी नव्हे. माझ्या हाताचा मला भरवसा नव्हता. तू लिहिलंस, शेजारी घमेलं भरलेलं आणि पाचवी टाकी बघत उभी राहिलीस. मी तिथं असते तर दुसऱ्या दिवशी माझी मूठ गेलीच असती. आण घालून घेतली असती तरी गेली असती. साठ दिवस तू रोज तिथं उभी होतीस, दिसत असून हात आवरलास, कारण पुढं कुणा परक्या माणसाच्या तळ्यात पिल्लं मरू नयेत. मला वाटायचं, पंगतीचा मान राखावा तर चिमणाबाईनं. आता वाटतं, मी फक्त समोर बसलेल्यांचीच पानं बघत होते. जे अजून जेवायला बसलेलेच नाहीत, त्यांचं पान तू बघितलंस. हे कुठल्या कॉलेजात शिकवतात? शिकवत नसतील तर तू आणलंस कुठनं? आण्णाकडून तर नव्हे.

पद्मजाबाई पदरानं नाक पुसतायत आणि मला म्हणतायत, कागदावर डाग पडेल, जरा थांबा. थांबते.

हां. तर आता कामाचं. पत्र घेऊन येणारा माणूस सयाजी, आपल्या खालच्या आळीतला. ओढ्याकाठच्या पडीक तुकड्यात त्यानं तळं खोदलंय. काल माझ्याकडं आला. म्हणाला, "आज्जी, माशांचं खाणं तुमच्या घरातनंच निघालंय म्हणं, मला काय ते सांगा की." अख्खा गाव आता मला माशांची वैद्यीण समजायला लागलाय, आणि पहिल्या वर्षीचं काहीच कुणाला ठाऊक नाही. मी त्याला बसवलं आणि सगळं सांगितलं, मूठ आणि आण आणि तुझी रेघ मारलेली वही. तो हसला. मग म्हणाला, "मग तुम्हाला इचारू नगं म्हणा की." मी म्हटलं, "मला इचारशील तर मी तुझ्या पिल्लांना दोन घास जास्तच घालीन. मलकापूरला जा."

म्हणून तो आलाय. त्याला बसायला दे, चहा दे. त्याचं तळं लहान आहे, पाणी उन्हाळ्यात टिकेल का मला शंका आहे, त्यालाही आहे, पण तो बोलणार नाही. तू विचार. होत असेल तर हो म्हण. होणार नसेल तर तोंडावर नाही म्हण, माझ्या गावचा म्हणून भीड धरू नकोस. तो नाराज होऊन परत आला तरी चालेल, मी त्याला जेवायला घालीन. तेवढं मला येतं.

तुझी आज्जी,
चिमणाबाई